यादीतून मी कापलेलं नाव

रेवंता,

मुली नागपूरला गेल्या नाहीत. हे तुला आधी सांगतो, कारण हे कळल्याशिवाय तू माझं दुसरं काही ऐकून घेतलं नसतंस.

सामने ज्या सकाळी होते, त्याच सकाळी तुला माती दिली. टेनिस संघातल्या चौघीही तुझ्या गावी आल्या, देवरीपर्यंत बसने आणि पुढे कुणाकुणाच्या मोटरसायकलवर बसून. मुलांचा संघ आदल्या दिवशीच निघून गेला होता, तो खेळला. महिलांच्या तक्त्यात आपल्या कॉलेजच्या नावापुढे 'अनुपस्थित' असं लिहिलं गेलं. खरं तर तुझी बातमी आली तेव्हा मुलींजवळ सगळ्यात मोठा मीच होतो. निवृत्त असलो तरी मुली माझं ऐकतात. त्यांना म्हणता आलं असतं की पोरींनो, मॅडमला तुम्ही नागपूरला गेलेलं जास्त आवडेल. मी म्हटलं नाही. त्या रडत होत्या, आणि त्यांना रडू देणं मला सोपं वाटलं. तू असतीस तर तिथेच, सगळ्यांसमोर विचारलं असतंस, "पोरीयले काऊन नाई पाठवलं सर?"

आज बारा दिवस झाले. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या माझ्या घरून कॉलेज दहा मिनिटांवर आहे, पण मी अजून कोर्टवर गेलेलो नाही.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते कोर्टवर नाही, स्टोअररूमच्या दारात. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतीस, मुलींच्या वसतिगृहात राहायचीस. खो-खोच्या निवडीला उशिरा पोचलीस म्हणून तुझं नाव राहिलं होतं आणि तू विचारायला आली होतीस. मी नाही म्हटलं. मला वाटलं, आता ही रडेल. तू भिंतीवर टांगलेल्या रॅकेटींकडे पाहिलंस आणि हे कोण खेळते, असं विचारलंस. मी सांगितलं, मुलं खेळतात. मुली? एक आहे, नीलिमा नावाची, मी म्हणालो, एकटी खेळत असते भिंतीवर.

"मंग आता दोन झालो," असं म्हणून तू एक रॅकेट काढून घेतलीस.

आपल्या कॉलेजात महिलांचा टेनिस संघ सुरू झाला तो असा. निरोपसमारंभात माझ्याबद्दल बोलणाऱ्यांनी तो मी सुरू केला असं सांगितलं, आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. तू दुसऱ्या रांगेत बसली होतीस.

टेनिसचं तुला काहीच माहीत नव्हतं. पहिले आठ दिवस तू चेंडू कुंपणाबाहेर मारत राहिलीस आणि दर वेळी स्वतः धावत जाऊन तो शोधून आणलास. दोन्ही हातांनी, लाकूड फोडल्यासारखा बॅकहँड मारायचीस. तो सुधारायला मी फार खपलो. तिसऱ्या महिन्यात नीलिमाला तुझा एकही बॅकहँड परत करता येईना, तेव्हा मी सुधारणं सोडून दिलं. डबल्समध्ये तुम्ही दोघी एकत्र उभ्या राहिलात की मुलांचा संघ खेळायला कां-कूं करायचा. हे मी त्यांना चिडवायला म्हणायचो, पण ते खरं होतं.

हिवाळा लागला तशी तू सराव संपला की पायरीवर बसून गुडघे दाबायला लागलीस. मी विचारलं तर काही नाही म्हणालीस. चार दिवसांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तू वहीत जपून ठेवलेलं लाल कार्ड काढून माझ्या हातात दिलंस. सिकलसेलचं. आपल्याकडे ते कार्ड कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पिवळं असेल तर आजार नुसता रक्तातून पुढे जातो, लाल असेल तर तो त्या माणसालाच धरतो. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही, खोलीतल्या मुलींनाही नाही, असं तू सांगितलंस. सर, तुम्ही दोनदा विचारलं म्हणून दाखवलं, असंही म्हणालीस.

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना तेव्हा तीन आठवडे होते. त्यातूनच विद्यापीठाचे मुलांचे आणि मुलींचे संघ निवडले जायचे. खेळाडू तंदुरुस्त आहे अशी सही मला करायची होती. तुझं रक्त शहरातल्या एका डॉक्टरांकडे तपासून घेतलं होतं. रिपोर्ट आल्यावर मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहिला, तू किती वेळ खेळतेस, कधी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं का, असे चार प्रश्न विचारले. मग म्हणाले, "खेलने दीजिए सर. डबल्स खेले, पानी पीती रहे, ठंड में बदन ढका रखे. दर्द हो तो बैठा दीजिए. बच्ची को रोकने की ज़रूरत नहीं है."

हे शब्द मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे.

त्या दिवशी संध्याकाळी कोर्टच्या फाटकाशी मी तुला सांगितलं की डॉक्टर नाही म्हणाले.

तू विचारलंस, "मी एकडाव जाऊन विचारून येऊ काय त्यायले?"

"माझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हणालो.

रॅकेटच्या सरकलेल्या तारा तू बोटांनी सरळ करत राहिलीस. मग म्हणालीस, "आहे ना सर." आणि रॅकेट माझ्या हातात देऊन वसतिगृहाकडे निघून गेलीस.

असं का केलं, याचं उत्तर मी स्वतःला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळं दिलं. पुष्कळ वर्षं मी म्हणत आलो की मला तुझी काळजी होती. आधीच्या वर्षी कबड्डीच्या सामन्यात आपला एक मुलगा चक्कर येऊन पडला होता आणि मला प्राचार्यांपुढे लेखी खुलासा द्यावा लागला होता. मी घाबरलो होतो हे खरं. पण तेवढंच खरं नाही. त्या वर्षी आपला मुलांचा संघ चांगला होता, मला वाटत होतं की हे पोरगे यंदा काहीतरी करून दाखवतील. मुलींचा संघ न्यायचा तर सोबत एखाद्या प्राध्यापक मॅडम हव्या होत्या, आणि ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी नकार दिला होता. नागपुरात तुला काही झालं असतं तर मला दवाखान्यात बसावं लागलं असतं आणि मुलांकडे पाहायला कुणी नसतं. तुझं नाव काढलं की नीलिमा एकटी उरत होती. एकटीचा संघ होत नाही. म्हणजे मॅडमना विनवण्या नाहीत, वेगळी खोली नाही, जबाबदारी नाही. तुझं एक नाव काढलं की माझं सगळं सोपं होत होतं. मी यादीवर पट्टी ठेवली आणि तुझ्या नावावरून रेघ मारली.

मुलं उपांत्य फेरीपर्यंत गेली. एकाची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कार झाला तेव्हा तू टाळ्या वाजवत होतीस, मी मंचावरून पाहिलं. नीलिमाने मात्र पुन्हा रॅकेट धरली नाही. ती आजही गोंदियातच आहे. बाजारात दिसली की मला नमस्कार करते आणि पुढे जाते.

त्यानंतर सहा वर्षं आपल्याकडे महिलांचा संघ नव्हता. विद्यापीठाच्या फॉर्मवर पुरुष आणि महिला असे दोन भाग असायचे. खालच्या भागावर मी 'निरंक' लिहून पाठवून द्यायचो. मग एका जूनमध्ये प्राचार्यांनी सांगितलं की तासिका तत्त्वावर एक मॅडम घेतल्या आहेत, महिलांचे खेळ त्या पाहतील. तू माझ्या खोलीत आलीस. मी खुर्चीतून उठलो.

"बसा ना सर, उठता कायले?" तू म्हणालीस, आणि कोर्टच्या वेळांचा कागद माझ्यापुढे ठेवलास.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. कोर्ट एकच. चार ते सहा मुलं खेळायची, मुलींनी दोन ते चार उन्हात खेळायचं असा माझा जुना बेत. तू म्हणालीस, गावाकडच्या मुलींची बस साडेपाचला सुटते, त्यांना चार ते पाच द्या, मुलांना पाचपर्यंत थांबायला काय होतं. मी म्हणालो, मुलांचा संघ निकाल देतो. "निकाल द्याले पहिले कोर्ट पायजे सर," असं तू म्हणालीस तेव्हा शिपाईसुद्धा हसला होता. दोन महिने आपण एकमेकांविरुद्ध अर्ज दिले. एकाच व्हरांड्यात बसून, एकाच पेनाने. मी हटलो नाही. सरळ सांगायचं तर मला तुझ्यापुढे हटायची भीती वाटत होती. एकदा हटलो तर बाकीचंही बाहेर येईल असं वाटायचं.

मग तू अर्ज देणं बंद केलंस आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंतीमागच्या रिकाम्या जागेवर मुलींना घेऊन दुसरं कोर्ट बनवायला घेतलंस. दोन दिवस मी खिडकीतून पाहिलं. मुरूम एकदम ओतून वरून रूळ फिरवत होतात तुम्ही. पहिल्या पावसाळ्यात सगळं खचलं असतं. माझं गाव सौंदडकडचं. आमच्या घराण्यात तलावाच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, बांधले गेले, माती कशी बसवतात हे मी लहानपणी पाहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. खाली आलो आणि म्हणालो की चार बोटं थर द्या, पाणी मारा, ठोका, रात्रभर राहू द्या, मग दुसरा थर. तू माती ठोकायचं धुम्मस माझ्या हातात दिलंस.

ते तीन आठवडे माझ्या सगळ्या नोकरीत सर्वांत चांगले गेले. सकाळी सहाला यायचो, नऊला उन्हं चढली की थांबायचो. मुली शिदोरी आणायच्या. तू सावलीत बसून प्रत्येकीला पाणी प्यायला लावायचीस, तहान लागो की न लागो, आणि मीही त्यातून सुटायचो नाही. तू मला तेव्हा काही विचारलं नाहीस. माझ्यासारख्याला तू त्या कामात घेतलंस, रेवंता. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानतो.

दोन वर्षांनी तुझ्या दोन मुली विद्यापीठाच्या महिला संघात गेल्या. तू नागपूरहून आलीस ती थेट माझ्या टेबलापाशी. निकालाचा कागद ठेवलास आणि म्हणालीस, आता लिहा अहवालात. मी लिहिलं. त्या वर्षी महिलांचं नाव मी पुरुषांच्या आधी लिहिलं आणि तू ते वाचलंस की नाही हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तुझं ते एक वाक्य मात्र कधी संपलं नाही. स्टाफरूममध्ये चहा चालू असला की तू म्हणायचीस, सरांनी माझं नाव कापलं होतं बरं का. सुरुवातीला हसत म्हणायचीस, सगळे हसायचे. पुढे पुढे हसू कमी झालं. मी दर वेळी डॉक्टरांचं नाव पुढे करायचो, आणि तू गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ माझ्याकडे पाहायचीस.

आमगावकडची ती दीक्षा आली, लाल कार्डवाली, तेव्हा मला वाटलं की आता सगळं उघडं पडेल. तू तिला घेऊन स्वतः डॉक्टरकडे गेलीस. ते जुने डॉक्टर नव्हते, ते केव्हाच शहर सोडून गेले होते. परत आलीस आणि सांगितलंस की खेळायला हरकत नाही, डबल्स खेळवा म्हणाले. मी मान हलवली. तू दारातच थांबलीस.

"तुमच्या वेळचे डॉक्टर लय कडक होते काय सर?"

"तेव्हा औषधं एवढी पुढे गेली नव्हती," मी म्हणालो.

"असं," तू म्हणालीस आणि गेलीस.

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिलं मी घाईत बोललो होतो. याला मला पंधरा वर्षं मिळाली होती. तुला माहीत होतं का, हे मला अजून कळत नाही. ते डॉक्टर शहरात असताना तू कधी त्यांच्याकडे जाऊन विचारलं असशील का? विचारलं असशील तर एवढी वर्षं माझ्यासोबत एका खोलीत कशी बसलीस? आणि नसेल विचारलं, तर केवळ मी विश्वासाची गोष्ट काढली म्हणून विचारलं नाहीस का? यातलं कुठलं जास्त वाईट, हे मी ठरवू शकलेलो नाही.

यंदाची थंडी तुला सोसली नाही. दोन स्वेटर घालून, खुर्ची टाकून तू सराव घेत होतीस. हात वर जात नव्हता म्हणून तोंडाने सांगायचीस. निवृत्तीनंतरही मी कोर्टवर यायचो, म्हटलं, काही दिवस मी पाहतो. नको म्हणालीस. मग एका दुपारी मुलींनीच तुला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

मी दुसऱ्या दिवशी चार वाजता आलो, भेटीच्या वेळेला. जिना चढताना मी वाक्य तयार केलं होतं. रेवंता, डॉक्टर हो म्हणाले होते. एवढंच. याहून जास्त काही बोलायचं नव्हतं. तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास. श्वास पुरत नव्हता तरी यादीचंच बोललीस.

"शुक्रवार शेवटचा दिवस आहे सर. चौघींची नावं ठेवा. कोणाचं काढू नका."

मी हो म्हणालो. तू मास्क लावलास आणि डोळे मिटलेस. मी वीस मिनिटं बसून होतो. तुला झोप लागली नव्हती, दुखणं आलं की तुझ्या पापण्या हलत होत्या. तू जागी आहेस हे मला कळत होतं, आणि मी अजून बसून आहे हे तुलाही कळत असणार. पांघरूण सारखं केलं. बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून ठेवलं. जाळीला नवी पट्टी लावून घेतली आहे, असं काहीतरी बोललो. मग घंटा झाली आणि मी उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या छातीत त्रास वाढला. नागपूरला हलवायचं ठरलं. दुपार व्हायच्या आत तुझ्या भावाचा फोन आला की तू वाटेतच गेलीस.

यादी मी त्याआधीच प्राचार्यांच्या सहीने पाठवली होती. चार नावं, एकही खाडाखोड नाही. ती कोणाच्या कामी आली नाही हे तुला वर सांगितलंच आहे.

नवव्या दिवशी मी तुझ्या गावी गेलो. एकटा. कुणाला काही सांगितलं नाही. तुझी आई अंगणात सुपात धान पाखडत बसली होती. मला ओळखून तिने खाट पुढे केली. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, जसं इथे लिहिलं तसं. डॉक्टरांचे शब्द हिंदीतच सांगितले. फाटकाशी तू काय विचारलंस आणि मी काय बोललो तेही. ती पाखडत होती. मध्ये एकदा तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. माझं संपलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"तिले सांगाचं होतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, हिंमत झाली नाही.

"मंग मले कायले सांगून राहिले?"

कुणालातरी सांगायला हवं होतं, असं मी म्हणालो असेन. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दिवाळीनंतर तुला वसतिगृहात सोडायला आली होती तेव्हा जशी पाहत होती, तशीच, ओळखीच्या नसलेल्या माणसाकडे पाहावं तशी.

"ती असती तं भांडली असती तुमच्यासंग," ती म्हणाली. "मले भांडता नाई येत गुरुजी."

मग सूप उचलून ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. बस तीनची होती. तोवर मी तुझ्या अंगणात बसून राहिलो.